मुरवलेला फ्लॉवर ताटाच्या कोणत्या बाजूला?

फ्लॉवरचे तुरे, गाजर, लिंबू किंवा व्हिनेगर, मोहरी आणि तेल. एवढ्यातून होणारं मुरवलेलं सॅलड रविवारी करून ठेवलं की आठवड्याच्या डब्यांचा प्रश्न बराचसा सुटतो, असं परदेशात नोकरी करणाऱ्या पुष्कळांचं मत आहे. सॅलड म्हणजे पौष्टिकच, हे त्यात कोणी बोलूनही दाखवत नाही. पुढच्या संवादात हे गृहीतच तपासायला घेतलं आहे. बोलणारे दोघे कल्पित, मुद्दे मात्र खरे. भाची आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात परिचारिका आहे, बारा-बारा तासांच्या पाळ्या करते. मामा तिच्याकडे सांगलीहून आलेले. त्यांची नोकरी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली आणि आता त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. कॉर्नमार्केट स्ट्रीटवर शनिवारी भरणाऱ्या कोल कीच्या बाजारातून आणलेला फ्लॉवर ओट्यावर आहे.

भाची: हे तुरे, या गाजराच्या चकत्या, हा कांदा. वर व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल ओतलं, मीठ घातलं, डबा बंद. उद्यापर्यंत छान मुरेल. गुरुवारपर्यंत जेवणाची चिंता नाही.

मामा: गुरुवारपर्यंत? अगं, कोशिंबीर पानावर बसताना कालवायची आणि लोणचं वर्षाचं घालायचं. हे तुझं ना धड कोशिंबीर, ना धड लोणचं.

भाची: मधलं आहे म्हणूनच माझ्या सोयीचं. रात्री साडेआठला दमून घरी आल्यावर कोण काकडी चोचवत बसणार? आणि फ्लॉवर काकडीसारखा हळवा नाही. काकडीला मीठ लागलं की ती दहा मिनिटांत पाणी सोडते आणि सगळं पाणचट करून टाकते. फ्लॉवर दुसऱ्या दिवशीही करकरीत असतो.

मामा: ते खरं. आमटीत चिंच आधी पडली की डाळ शिजता शिजत नाही ना, तोच प्रकार. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर सुटत नाही. म्हणून फ्लॉवर मुरवायला चांगला, हे मान्य. पण तू तो कच्चाच घातलास? आपल्याकडे फ्लॉवर आणला की आधी हळद-मिठाच्या कोमट पाण्यात बुडवतात.

भाची: ते अळ्यांसाठी. इथल्या गड्ड्यात मला अजून अळी दिसलेली नाही.

मामा: दिसणाऱ्या अळीचं मला भय नाही, ती वेचून टाकता येते. सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीतून पट्टकृमीची अंडी पोटात जातात, त्यांच्या गाठी मेंदूत झाल्या तर माणसाला झटके येतात. आपल्याकडचे डॉक्टर कच्च्या पालेभाज्या आणि कोबी-फ्लॉवरबद्दल बजावतात ते उगीच नाही.

भाची: ते भय भारतात खरं आहे. इथे तो धोका फारच कमी. तरी मी तुरे सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुते. उकळत्या पाण्यात घालायचं मात्र जिवावर येतं, कारण क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

मामा: सगळं जात नाही. शंभर ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये ते सुमारे ४८ मिलिग्रॅम असतं. दहा मिनिटं शिजवून पाणी ओतून दिलंस तर मोठा तोटा. उकळत्या पाण्यात एकच मिनिट बुडवून उपसलंस तर बरंचसं राहतं, आणि पुढे लिंबाचा आंबटपणा उरलेलं टिकवायला मदतच करतो. शिवाय गरम पाण्यातून निघालेला तुरा आंबट-तिखट आत ओढून घेतो. कच्च्या तुऱ्यावर मसाला नुसता बाहेर बसतो आणि आतलं भेंड तसंच राहतं.

भाची: बरं, एक मिनिट. पण त्याहून जास्त नाही.

मामा: जास्त नाहीच. आणि कच्चं की वाफवलेलं हा माझा मुख्य आक्षेपच नव्हता. मला सांग, एका वेळी यातलं किती खातेस?

भाची: मोठा वाडगा भरून. पाव किलो असेल. तेच जेवण असतं माझं, बरोबर एखादं उकडलेलं अंडं किंवा वाटीभर चणे.

मामा: तिथेच गोम आहे. आपल्या ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला, चमचा-दोन चमचे. लोणचं तर बोटाच्या टोकावर मावेल एवढं. त्यांचं मीठ त्या मापानं ठरलेलं आहे. तू डाव्या बाजूचा पदार्थ उचलून उजव्या बाजूला वाडगाभर मांडलास, मीठ मात्र डाव्या बाजूचंच ठेवलंस.

भाची: मीठ मी चवीपुरतंच घालते, मामा.

मामा: चव जिभेला कळते, बेरीज कळत नाही. आता हिशेब धर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. मिठावर टिकवलेल्या लोणच्यात शेकडा दहा-बारा मीठ असतं. त्याची दहा ग्रॅमची फोड खाल्लीस तर एक-सव्वा ग्रॅम पोटात गेलं. आता तुझा वाडगा. शेकडा दोन मीठ घातलंस तर जिभेला जरा खारट, पण झणझणीत म्हणून चालून जाईल. पाव किलोचे झाले पाच ग्रॅम. दिवसाचं सगळं मीठ एका वाडग्यात संपलं, आणि ते लोणच्याच्या चार फोडींएवढं आहे. चार फोडी लोणचं खाताना आईनं तुझा हात धरला असता. सॅलड म्हटल्यावर कोणी धरत नाही.

भाची: म्हणजे सॅलड पुन्हा डाव्या बाजूला चमचाभर न्यायचं? ते मला पटत नाही. इथल्या सरकारी आहार मार्गदर्शनात दिवसाला फळं-भाज्यांचे पाच ते सात वाटे सांगितले आहेत. डावीकडच्या चमच्या-चमच्यानं ते कधी भरणार? आपल्या ताटात उजवीकडे भाजी असते खरी, पण माझ्या इथल्या डब्यात ती भाताला लावण्यापुरती उरते. कच्च्या-पक्क्या भाजीला मधली जागा मिळाली पाहिजे.

मामा: आणि हे तुला या गावात सुचलं? लोणी आणि मांस यांवर मोठं झालेलं गाव आहे हे.

भाची: म्हणून तर सुचलं. इथे सलिव्हन्स कीवर १९८२ पासून की को-ऑप आहे, शाकाहारी जेवण आणि धान्य-कडधान्यांचं दुकान. वेस्टर्न रोडच्या तोंडाशी डेनिस कॉटर यांनी १९९३ मध्ये कॅफे पॅराडिसो काढलं. संपूर्ण शाकाहारी, आणि तिथे भाजी मांसाच्या कडेला लावलेली नसते, तीच ताटाचा मध्य असते. याच गावात ते चाललं. मग माझ्या वाडग्यानं काय घोडं मारलंय?

मामा: वाडग्याशी माझं भांडण नाही. तो मांडलास की बाकी सगळी मापं बदलावी लागतात, एवढंच म्हणणं. परवा तू मला शँडनला बटर म्युझियम दाखवलंस, आठवतं? १७७० मध्ये इथे लोण्याची बाजारपेठ संघटित झाली. खेड्यापाड्यातून पिंपं यायची, निरीक्षक लोण्याची प्रत ठरवायचे आणि मग ते जहाजावर चढायचं. जगातली सर्वांत मोठी लोणीपेठ होती म्हणे ती. १९२४ मध्ये बंद झाली. ते लोणी वेस्ट इंडीजच्या उन्हात टिकायचं कशावर? मिठावर. याच बंदरातून खारवलेलं मांस इंग्रजी आरमाराला जायचं. तुमच्या त्या इंग्लिश मार्केटमध्ये नाताळाला स्पाइस्ड बीफ मिळतं म्हणालीस, तेही मिठा-मसाल्यात मुरवलेलंच.

भाची: इंग्लिश मार्केट १७८८ चं, म्हणजे त्याच काळातलं. पण त्या लोकांना माल समुद्रापार न्यायचा होता. मला फक्त बुधवारपर्यंत न्यायचा आहे.

मामा: बरोबर बोललीस. महिनोन् महिने टिकवायचं तर भरपूर मीठ लागतं. तीन दिवसांसाठी तेवढं घातलं तर ते वाया, आणि वर रक्तदाब. मग मीठ शेकडा अर्ध्याच्या जरा वर आण. पाव किलोला दीड ग्रॅम. बेचव लागेल अशी भीती वाटते ना?

भाची: वाटतेच. फ्लॉवरला स्वतःची अशी चव किती!

मामा: म्हणून लिंबू. आंबटानं मीठ आहे त्यापेक्षा जास्त भासतं. दुसरं म्हणजे डबा फ्रीजमधून काढल्या काढल्या खाऊ नको. थंडगार पदार्थाची चव दबलेली असते, मग हात मिठाकडे जातो. अर्धा तास आधी बाहेर काढ, लागेल तेवढंच.

भाची: फ्रीजचं निघालंच म्हणून सांगते. माझा फ्रीज छोटा आहे. हिवाळ्यात इथे बाहेर सहा-सात अंश तापमान असतं, मी बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. वर तेलाचा थर देते, आजी लोणच्याला द्यायची तसा.

मामा: हे मात्र ताबडतोब बंद कर. आजीचं लोणचं टिकायचं ते मीठ आणि आंबट यांच्यामुळे. तेलाचा थर हवा अडवतो, त्यामुळे बुरशी येत नाही, इतकंच त्याचं काम. हवा नाही म्हणून ज्यांचं फावतं असेही जंतू आहेत. बॉट्युलिझमचा जंतू त्यातलाच. मीठ कमी, आंबटपणा बेताचा आणि वर तेलाचं झाकण, ही त्याची आवडती जागा. सामू ४.६ च्या खाली असला तर तो वाढत नाही. तू वरून लिंबू पिळलंस म्हणून जाड तुऱ्याच्या गाभ्यापर्यंत तेवढा आंबटपणा पोचला, हे घरात कोण मोजणार? लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याबद्दल याचसाठी सगळीकडे सावध करतात.

भाची: पण सहा अंशांत काय वाढणार?

मामा: खिडकीत कधी सहा, कधी ऊन आलं की पंधरा. हवामान म्हणजे फ्रीज नव्हे. पाच अंश किंवा त्याखाली, आणि तेही सतत. फ्रीजमध्येसुद्धा हळूहळू वाढणारा लिस्टेरिया नावाचा जंतू असतोच. म्हणून मी म्हणतो, दोन दिवस.

भाची: तीन. रविवारी संध्याकाळी केलेलं बुधवारी संध्याकाळपर्यंत. चमचा दर वेळी स्वच्छ आणि कोरडा, डब्यात थेट हात नाही. रुग्णालयात दिवसभर हेच करते मी.

मामा: तीनवर थांबतो. आता ते व्हिनेगर बाजूला ठेव आणि मोहरीची डाळ काढ.

भाची: मोहरीवर मीही बोलणारच होते. मोहरी आणि फ्लॉवर एकाच कुळातले. चिरल्यावर किंवा चावल्यावर त्यांच्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात, ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज नावाचं विकर, आणि त्यांतून तो नाकात जाणारा झणका तयार होतो. आरोग्याच्या दृष्टीनं संशोधकांचं लक्ष त्या झणक्यातल्या द्रव्यांवरच आहे. उकळलं की विकर मरतं. म्हणून तर मला फ्लॉवर कच्चा हवा होता.

मामा: आणि मी तुला एक मिनिट उकळायला लावलं.

भाची: पण तोडगा आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घालून लोकांना खायला दिली. नुसत्या शिजवलेल्या ब्रोकोलीपेक्षा तिच्यातून सल्फोराफेन शरीरात जास्त पोचलं. ब्रोकोलीचं मेलेलं विकर मोहरीनं भरून दिलं. कच्ची मोहरी फेसून घातली तर इथेही तेच घडायला हवं.

मामा: तो अभ्यास ब्रोकोलीचा, आणि फ्लॉवरमध्ये सल्फोराफेन ब्रोकोलीएवढं निघत नाही. त्याला औषध म्हणून मिरवू नकोस. पण फेसलेली मोहरी घालायला मला संशोधनाची गरज नाही, ती आपल्या घरात कायमच घालतात. फक्त रीत नीट पाळ. मोहरीची डाळ भरड कुटायची, गार पाण्यात कालवून घोटायची आणि दहा मिनिटं थांबायचं. गरम पाणी किंवा लिंबू आधीच पडलं तर विकर दबतं आणि मोहरी चढत नाही, नुसती कडू लागते. एकदा चढली की मग लिंबू घाल.

भाची: फोडणीचं काय?

मामा: हिंग-हळदीची फोडणी पूर्ण गार करून. लोणच्यालाही आपण गार फोडणीच घालतो की. तापलेली ओतलीस तर मोहरीचे सगळे कष्ट फुकट.

भाची: इथल्या दुकानात पिकॅलिली मिळतं, पाहिलंत? फ्लॉवर, मोहरी, हळद, व्हिनेगर. पिवळंजर्द. आपल्या लोणच्याची नक्कल आहे ती. अठराव्या शतकातल्या हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकात तशी कृती ‘इंडिया पिकल’ म्हणून दिलेली आहे.

मामा: मजा बघ. भारतात फ्लॉवर आला तो १८२२ मध्ये. जेमसन नावाच्या वनस्पतितज्ज्ञानं इंग्लंडहून बी आणून सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं. पुढे त्यातून आपल्या उष्ण हवेत गड्डा धरणाऱ्या जाती तयार झाल्या. त्यांनी आपल्या लोणच्याची नक्कल केली, आपण त्यांची भाजी घेतली, आणि हिवाळ्यात फ्लॉवर-गाजर-मटाराचं लोणचं आता कुठल्याही मराठी घरात घालतात. तेव्हा यात अस्सल कोणाचं, हे ठरवायच्या भानगडीत पडू नये. पिकॅलिलीत साखर किती ते बाटलीवर वाचून घ्यावं.

भाची: तेलावर मात्र मी भांडणार. इथल्या पाककृतींत तीन भाग तेलाला एक भाग आंबट असतं. मी तेवढं घालत नाही, पण तुम्ही चहाच्या चमच्यानं मोजाल ते नको. गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला तेल लागतं.

मामा: लागतं, पण थोडं. जेवणाचा मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे एकशेवीस कॅलरी. पाव किलो फ्लॉवरच्या सगळ्या मिळून साठ-पासष्ट. तीनास एकच्या मापानं तू वाडग्यात दोन चमचे ओतलेस तर तेलच भाजीच्या चौपट झालं. मग ते फ्लॉवरचं सॅलड कसलं?

भाची: मग अर्धा किलोला मोठा एक चमचा. वाडग्याला साठ कॅलरी. पण ते इथलं घाण्याचं रेपसीड तेल घेऊ, तेही मोहरीच्याच कुळातलं.

मामा: चालेल. आणि पोटाचं काय? आमच्या वयात पाव किलो फ्लॉवर म्हणजे रात्रभर वात.

भाची: तो त्रास खरा आहे. फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल नावाची साखर असते, काहींना ती पचत नाही, मग आतड्यात वायू धरतो. हिंग-आलं चवीला घाला, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ज्याला त्रास होतो त्यानं अर्धी वाटी घ्यावी. तुमच्यापुरता तो डाव्या बाजूलाच वाढते.

मामा: हे शहाणपणाचं बोललीस. आता सगळं एकदा सलग सांग, लिहून घेतो.

भाची: साडेतीनशे ग्रॅम फ्लॉवर, दीडशे ग्रॅम गाजर. फ्लॉवरचा कोवळा देठही पातळ चिरून घ्यायचा, तो टाकण्यासारखा नसतो. तुरे लहान. बिनमिठाच्या उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून उपसायचे आणि कापडावर पसरायचे.

मामा: पसरायचे, हे विसरू नको. ओले तुरे डब्यात गेले की सगळं पातळ होतं.

भाची: कोमट असतानाच दोन लिंबांचा रस आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ चोळायचं. ते होतं साधारण तीन ग्रॅम, म्हणजे पाव किलोला दीड. गार झाल्यावर गाजर, चढलेली मोहरी एक चमचा, आल्याच्या काड्या, हिरवी मिरची आणि गार फोडणी. झाकण लावून थेट फ्रीजमध्ये.

मामा: मटार, सिमला मिरची, कोथिंबीर?

भाची: ती डब्यात नाहीच. आंबटात हिरवा रंग मरतो, दुसऱ्या दिवशी मटार शेवाळ्यासारखे दिसतात. ती तिन्ही खायच्या वेळी वरून, दाण्याचं कूटही तेव्हाच.

मामा: म्हणजे शेवटी वाढताना दोन मिनिटं कोशिंबिरीसारखी द्यायची आहेतच!

भाची: दोन मिनिटं देते. वीस मिनिटं देऊ शकत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

मामा: आणि गुरुवारी?

भाची: गुरुवारी माझी सुट्टी असते. काकडी आणा, तुमच्या हातची कोशिंबीर खाऊ.

मामा: आणेन. पण या डब्यासोबत तुझ्या त्या कैरीच्या लोणच्याची बरणी टेबलावर येते, ती पाहिलीय मी. वाडगा उजवीकडे मांडलास, छान केलंस. मग त्या जेवणात डावीकडची फोड वगळायची. दीड ग्रॅम वाडग्यातून, सव्वा ग्रॅम फोडीतून, वर पावातलं आणि चीजमधलं वेगळं.

भाची: फोड वगळणं जमणार नाही. अर्धी घेईन.

मामा: अर्धी तर अर्धी. पण वाडग्यातली मोहरी मग थोडी वाढव, म्हणजे त्या अर्ध्या फोडीचीही आठवण होणार नाही.